दुष्काळ आणि मुक्त व्यापार

उल्हासनगरचा कॅम्प ४ आज जेथें गजबजला आहे, त्याच्या शेजारून कल्याण-कर्जत लोहमार्ग जातो. १८७६-७७ च्या दुष्काळांत याच रुळांवरून धान्याच्या गाड्या बोरघाट चढून पुणें-सोलापुराकडे जात. दौंड-मनमाड फांटा तेव्हां झालेला नव्हता. त्यामुळें उत्तरेकडील धान्यहि थळघाट उतरून कल्याणास येई व तेथून पुन्हां घाट चढे. दख्खनांत धान्य पोंचत होतें. तें विकत घेण्यास कुणब्याच्या हातीं पैसा नव्हता.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचें धोरण असें कीं, धान्याच्या व्यापारांत सरकारनें हात घालूं नये. भाव चढले म्हणजे व्यापारी आपण होऊन माल आणील. मद्रासच्या गव्हर्नरांनीं सरकारी खर्चानें तीस हजार टन धान्य घेतलें, तें त्यांस रुचलें नाहीं. सर रिचर्ड टेंपल यांची गोष्ट तर विलक्षणच! १८७४ सालीं बिहारांत याच गृहस्थांनीं ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून प्राणहानि टाळली होती. त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरीं आला. तो धुऊन काढण्याची संधि त्यांस १८७७ च्या जानेवारींत मिळाली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य व एक आणा, असा दर त्यांनीं ठरविला. दीड पौंड तरी हवेंच, असें मद्रासचे डॉ. कॉर्निश बजावीत राहिले. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर दुष्काळी कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. पोटास अन्न नसतां माणसानें काम टाकावें, यावरूनच त्या दराची योग्यता कळते. या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांवर माणसें दगावलीं.

दुष्काळ कोणी मुद्दाम आणला नव्हता, हें खरें. परंतु तो ऐन भरांत असतां, १८७७ च्या जुलैंत, हिंदुस्थानांतील विलायती कापडावरची जकात शक्य तितक्या लौकर उठवावी, असा ठराव लंडनच्या कॉमन्स सभेनें केला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस ती फार दिवस खुपत होती. १८७८ सालीं दुष्काळनिधीच्या नांवानें येथील व्यापाऱ्यांवर व कारागिरांवर लायसन्स-कर बसला. पुढच्याच वर्षीं, अफगाण युद्धाचा खर्च चालूं असतां, लिटन यांनीं आपल्या मंडळाचें बहुमत डावलून जाड्या विलायती कापडावरील जकात माफ केली. १८८२ त उरलेलीहि गेली. खजिना रिता म्हणून मजुराचें अर्धा पौंड धान्य कापणाऱ्या सरकारास ही सूट मात्र परवडली.

सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या जाड्या कापडाचा वेष करून गेले होते.