खालसातून संस्थानात, व्हाया आरटीओ

तर झालं असं की, माझ्या चुलतभावाची बायको फ्रेंच आहे. दादा तिकडे नोकरीला होता, तिथेच जमलं, आणि आता दोघं सांगलीत राहतात. दादाचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. वहिनी मराठी बोलते, भाकरी माझ्यापेक्षा बरी थापते (हे काही फार अवघड नाही) आणि गाडी तर उत्तमच चालवते. सांगलीच्या ट्रॅफिकमध्ये चालवते म्हणजे बघा.

तिकडून येताना तिने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणलं होतं. ते एक वर्ष चालतं. वर्ष संपलं. मग दादाने एका एजंटाला विचारलं. एजंटाने आधी वहिनीकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं आणि म्हणाला, "फॉरेनर म्हणजे केस अवघड हाय साहेब." आता अवघड केसचा दरही वेगळा असतो, हे सांगायला नकोच.

दादाने मला फोन केला. का, तर मी 'कॉम्प्युटरवाला', म्हणजे मला सगळं माहीत असणार. मला काही माहीत नव्हतं. पण शनिवार होता, बाहेर पाऊस होता. मी कायदा उघडून बसलो, आणि त्यातून कुठच्या कुठे गेलो ते आज सांगतो.

पहिला धक्का म्हणजे लायसन ही चीज मुळात परीक्षा म्हणून सुरूच झाली नाही. कार्ल बेंझने आपली मोटार बनवली तेव्हा तिच्या आवाजाची आणि धुराची लोकांनी तक्रार केली, म्हणून १८८८ साली त्याला ती रस्त्यावर चालवायला सरकारी परवानगीचं पत्र घ्यावं लागलं. परवानगी कोणी दिली? जर्मन सम्राटाने नाही, तर बाडेनच्या सरकारने. बाडेन म्हणजे जर्मन साम्राज्यातलं एक संस्थान. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकाला परवाना सक्तीचा केला (म्हणजे वहिनीच्या माहेरची या बाबतीत जुनी परंपरा). इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने लायसन आलं, पण तिथे पाच शिलिंग भरले की काम झालं. गाडी चालवून दाखवायची परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ उजाडलं. म्हणजे सुरुवातीला सरकारचा प्रश्न 'तुला चालवता येते का?' हा नव्हताच. 'तू कोण, आणि कुठे सापडशील?' हा होता.

आपल्याकडे सगळ्या ब्रिटिश इंडियासाठी मोटार व्हेइकल्स अ‍ॅक्ट आला १९१४ मध्ये, नंतर १९३९ मध्ये नवा. आणि इथे माझी गाडी अडकली. ब्रिटिश इंडिया? पण सांगली कुठे ब्रिटिश इंडियात होती?

आमची आजी तासगावची. लग्न होऊन सांगलीला आली. तिच्या सासूबाई तिला चिडून "खालसातली पोर" म्हणायच्या, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी मला वाटायचं ही काहीतरी शिवी असावी. खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यातला मुलूख. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केली, आणि तासगाव, वाळवा, कराड हे सगळं ब्रिटिश सातारा जिल्ह्यात गेलं. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान राहिलं. तासगाव ते सांगली हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. वाटेत बुधगाव लागतं. ती होती मिरज धाकटी पातीची राजधानी. म्हणजे आजीचं वऱ्हाड इंग्रजी मुलखातून निघालं, दुसऱ्याच एका राजाच्या गावातून गेलं आणि तिसऱ्या राज्यात पोचलं. दुपारच्या जेवणाच्या आत!

आता जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. सांगलीहून दहाएक किलोमीटरवर मिरज, तिथे मिरज थोरली पाती. कुंडल औंध संस्थानात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवायला जागा दिली ती औंधच्या राजांनी, म्हणून तो कारखानाही औंधात. पण स्वतः औंध गाव तिथून दूर उत्तरेला, आणि मधे खालसा. आटपाडी परत औंधची. फलटण वेगळं, जत वेगळं. सांगली संस्थान तरी सलग असावं ना? छे. मंगळवेढा सांगलीचं, तेरदाळ सांगलीचं, बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगलीचं, आणि पार धारवाडकडचं शिरहट्टीही सांगलीचं. सांगलीच्या राजेसाहेबांना आपल्याच एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात मोटारीने जायचं तर परमुलखातून जावं लागत असे.

आणि ब्रिटिश इंडियाचा कायदा या संस्थानांमध्ये आपोआप लागू होत नव्हता. संस्थानात संस्थानाचे नियम. म्हणजे कायद्याच्या भाषेत तासगावच्या माणसाला सांगली हे परराज्य. 'फॉरेनर म्हणजे केस अवघड' हे वाक्य १९४७ च्या आधी माझ्या आजीच्या भावाला लागू पडलं असतं! (बेंझचं बाडेन आठवलं का?)

ही हद्द नुसती कागदावरची नव्हती बरं का. तिने माणसं वाचवली आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ घ्या, १९४३ ते ४६. ब्रिटिश सातारा जिल्ह्यात ज्यांच्यामागे पोलीस लागले होते, अशा भूमिगतांना औंध संस्थानाच्या हद्दीत आसरा मिळत असे. कुंडल हे तर चळवळीचं केंद्रच होतं. एका शिवारात फरारी, पलीकडच्या शिवारात पाहुणा. माणूस तोच.

आणि गंमत अशी, की तासगावचा माणूस जिथे कागदोपत्री परका होता, तिथेच हजारो मैलांवरून आलेले लोक रहिवासी होऊन राहिले होते. मिरजेचे डॉक्टर विल्यम वानलेस कॅनडात जन्मलेले. मिरजेत त्यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत त्यांनी तिथे काम केलं. आज सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. रिक्षावाल्याला 'वानलेसवाडी' सांगताना हे एका परदेशी माणसाचं आडनाव आहे, असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. दुसरे मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेले इंजिनिअर, बंगळूरमार्गे औंधला आले. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना जाहीर केली, त्यामागे अप्पासाहेब पंत आणि गांधीजींबरोबर हे फ्रीडमनही होते. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत हीसुद्धा त्यांच्याच कल्पनेतली. 'दो आँखें बारह हाथ' सिनेमाला प्रेरणा मिळाली ती याच वसाहतीची.

मग ही हद्द गेली कशी? ८ मार्च १९४८ ला सांगली, औंध, मिरज वगैरे दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि संस्थानांचे तुकडे जोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव 'सांगली' ठेवलं. म्हणजे खालसातलं तासगाव आणि संस्थानातली सांगली एकाच जिल्ह्यात आली. आजीने माहेरी जाताना राज्य ओलांडणं बंद केलं, आणि त्यासाठी तिला काहीच करावं लागलं नाही. ना अर्ज, ना फोटो. दोन सह्या झाल्या आणि परकं ते आपलं झालं.

आता परत वहिनीच्या केसकडे. देशाबाहेरच्या चालकांचं काय करायचं, यावर जगाने १९४९ मध्ये जिनिव्हात करार केला. भारत त्यात १९६२ मध्ये सामील झाला. तेच ते एक वर्षाचं परमिट. पण परमिट हे पाहुण्यासाठी असतं. राहणाऱ्यासाठी काय? तर १ जुलै १९८९ पासून लागू असलेला आपला आताचा कायदा काढून मी बघितला. त्याचं नववं कलम सुरू होतं 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणून. 'कोणताही नागरिक' नाही, व्यक्ती! ती व्यक्ती कुठे राहते किंवा कुठे धंदा करते, एवढंच विचारलंय. उलट परदेशातलं लायसन असेल, तर त्याच प्रकारच्या गाडीसाठी चालवून दाखवायच्या परीक्षेतून सूट देता येते, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की झालं, अशी तरतूदही त्याच कलमात आहे. कायदा वाचून मला एकदम भरून आलं. असं वाक्य मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं :)

भरून यायला कारण आहे. मी काही वर्षं अमेरिकेत होतो. तिकडे लायसन प्रत्येक राज्याचं वेगळं (संस्थानंच म्हणा ना), आणि माझ्यासारख्याच्या लायसनची मुदत व्हिसाला बांधलेली. व्हिसा वाढवायचा अर्ज कुठल्यातरी ऑफिसात अडकला, आणि इकडे लायसन संपलं. आदल्या दिवशी रात्री मी हायवेवर गाडी चालवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'गाडी चालवू न शकणारा माणूस' झालो. हात तेच, पाय तेच, गाडी तीच. पुढचे दोन महिने शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या गाडीतून ऑफिसला गेलो. दूध आणायचं तरी कोणालातरी विचारायचं. आपण या गावात फक्त तात्पुरते आहोत, हे मला व्हिसाच्या शिक्क्याने कधी जाणवलं नव्हतं, ते त्या प्लॅस्टिकच्या कार्डाने जाणवलं. ब्रिटनमध्येही तसंच आहे. आपलं लायसन तिथे १२ महिने चालतं, मग पहिल्यापासून परीक्षा. तुम्ही पुण्यात वीस वर्षं गाडी हाकली असेल (आणि ती काय साधी परीक्षा आहे?), तरीही.

म्हणून आपला कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो हे मला फार मोठं वाटलं. लिहिणाऱ्यांनी विचार करून लिहिलं की नेहमीची कायद्याची भाषा म्हणून लिहिलं, देव जाणे. पण हा देश ज्यांनी घडताना बघितला, त्यांच्या हयातीत परमुलूख बुधगावच्या वेशीपासून सुरू होत होता. परकेपणा हा माणसाच्या अंगात नसतो, तो हद्दीच्या दगडात असतो, आणि दगड हलवता येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

असो. वहिनीचं काय झालं? एजंटाला आम्ही नमस्कार केला. पासपोर्ट, व्हिसा, सांगलीच्या पत्त्याचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन दादा आणि वहिनी स्वतः गेले. दोन-तीन खेपा झाल्या, जशा तुमच्या-माझ्याही होतात. एका बाईंनी फाइल बघितली, वहिनीला विचारलं, "मराठी येतं का?" वहिनी म्हणाली, "येतं की." मागच्या रांगेतला एक म्हातारा जोरात हसला म्हणे.

कार्ड पोस्टाने आलं. वहिनीने त्याचा फोटो पाठवला. नंबर एमएच-१० ने सुरू होतो. त्यावर नाव आहे, जन्मतारीख आहे, रक्तगट आहे, सांगलीचा पत्ता आहे. राष्ट्रीयत्वाचा रकाना नाही. मी माझं कार्ड काढून शेजारी ठेवून बघितलं. त्यावरही नाही.

खाली तिने लिहिलं होतं, "भाऊजी, रविवारी तासगावच्या गणपतीला जायचंय. गाडी मी चालवणार."

आजी असती तर मागच्या सीटवर बसली असती. खालसात, माहेरी.