महाद्वारी थांबलेले लेकरू



आषाढी जवळ आली की गावोगावच्या शाळांतून बालदिंडी निघते. धोतर-बंडी घातलेले चिमुकले टाळकरी, डोईवर तुळस घेतलेल्या नऊवारीतल्या मुली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला एक लहानगा विठोबा. आपण रस्त्याच्या कडेला थांबून हा सोहळा डोळे भरून पाहतो. काही शाळा मुलांना देहूला, आळंदीला, पंढरपूरला सहलीलाही नेतात. अशा वेळी एखादी आई गुरुजींकडे येते आणि हळूच सांगते, ‘‘आमच्या मुलाला यात घेऊ नका. आमच्यात हे चालत नाही.’’ ते घर मुसलमानाचे असेल, ख्रिस्ती असेल, बौद्ध असेल, नाहीतर देव न मानणाऱ्याचे असेल.

खरे सांगा, हे कानावर आले की आपल्या मनात काय येते? ‘विठोबाच्या दारात कसला भेद? लेकरू चार पावले चालले असते तर काय बिघडले असते?’ वाईट वाटते, थोडा रागही येतो.

आता दुसरा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. आपल्याच नातवाच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे: मुलांना गावातली मशीद, चर्च आणि गुरुद्वारा दाखवायला नेणार आहोत, पालकांनी सही करून पाठवावी. हात लगेच सहीकडे जातो का? २०२३ साली गोव्यात विद्यार्थ्यांना मशिदीत नेल्यावरून एका शाळेच्या मुख्याध्यापकांना निलंबित व्हावे लागले होते. म्हणजे मूल आपल्या देवाकडे आले नाही तर आपण रुसतो आणि आपले मूल दुसऱ्याच्या देवाकडे नेले तर आपण चिडतो. या दोन्ही मापांनी एकदम मोजता येईल का, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. शाळा, देव आणि आईबाप यांचा हा पेच आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

इंग्रजी शिक्षण मुंबईत नवे होते तेव्हाची गोष्ट. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेत हिंदू, पारशी, मुसलमान अशा सगळ्यांची मुले जात. शिक्षण चांगले होते, पण त्याबरोबर बायबलही शिकवले जाई. १८३९ च्या मे महिन्यात या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मुंबईत हलकल्लोळ झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, तीच आग ब्राह्मण घरांपर्यंत आली. नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, पण तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी परीक्षा पुढेच होती. मुलगा परत आला, आता त्याला जातीत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. प्रायश्चित्त देऊन मुलाला घरात घ्या, असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यासाठी खटपट केली. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. बाळशास्त्रींनाही त्याचा ताप सोसावा लागला.

माऊली, या दोन घटनांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की आईबापांची भीती पोकळ नव्हती. अक्षरे गिरवायला पाठवलेले मूल दुसऱ्याच धर्माचे होऊन येते की काय, ही धास्ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या घटनांतून आली होती. दुसरी गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. ‘आमचे मूल आम्हाला परत द्या’ म्हणून ओरड करणारा समाज, ते मूल दारात येऊन उभे राहिले तेव्हा दार उघडायला तयार नव्हता. भीती खरी होती, पण प्रेम त्या भीतीएवढे मोठे नव्हते.

पुढे सरकारलाही यातून मार्ग काढावा लागला. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यात खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले आणि त्यात सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे असे ठरले. इंग्लंडमध्येही ख्रिस्ती पंथांची आपसांत हीच भांडणे चालू होती. १८७० च्या तिथल्या शिक्षण कायद्याने पालकांना हक्क दिला की, शाळेतल्या धर्मशिक्षणातून आणि प्रार्थनेतून आपल्या मुलाला बाजूला ठेवता येईल आणि त्यापायी त्याचे बाकीचे शिक्षण अडणार नाही.

आपले संविधान १९५० साली अमलात आले. त्यातले अठ्ठाविसावे कलम याच प्रश्नावर आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत धर्मशिक्षण घ्यायला किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायला कोणावरही सक्ती करायची नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. कलमात सहलीचा शब्द नाही, पण त्याचा आत्मा स्पष्ट आहे: उपासना संमतीने, सक्तीने नव्हे. म्हणून धर्मांची ओळखच नको असाही अर्थ होत नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निरनिराळ्या धर्मांविषयी मुलांना माहिती देणे या कलमाच्या आड येत नाही. एखादा धर्म शिकवून मुलाला त्याचा अनुयायी करणे निराळे आणि तो धर्म काय आहे हे समजावून सांगणे निराळे.

कागदावर सोपा वाटणारा हा फरक पायरीवर उभे राहिल्यावर कसा पुसट होतो, त्याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ वेलस्ली नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत सहावीच्या मुलांना जगातल्या धर्मांची ओळख करून देणारा अभ्यासक्रम होता. मुले यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात जात, हिंदूंना भेटत. २०१० मध्ये ती बोस्टनच्या एका मशिदीत गेली. दुपारच्या नमाजाची वेळ झाली आणि काही मुलगे रांगेत उभे राहून नमाजात सामील झाले. त्याचे चित्रण बाहेर आले आणि वाद पेटला. शेवटी शाळाधिकाऱ्यांनी पालकांची माफी मागितली. सहल चुकीची नव्हती. पाहायला नेलेली मुले उपासनेत उभी राहिली तेव्हा कोणी मोठ्याने त्यांना थांबवले नाही, चूक तेवढीच होती. पण त्या एका चुकीने आधीच घाबरलेल्यांच्या हाती कारण दिले.

आता घरी येऊ, पंढरीला. पुंडलिकाच्या भेटीसाठी विटेवर उभा राहिलेला देव, आणि त्याच्या महाद्वारी नामदेव पायरी. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण ती समाधी दाराबाहेर का, हा प्रश्न आपण लेकरांना किती वेळा सांगितला? चोखोबांना आत जाऊ दिले नाही. त्यांच्यानंतर शेकडो वर्षे त्यांच्या समाजाला आत जाऊ दिले नाही. कळसाचे दर्शन घेऊन आणि पायरीवर डोके टेकवून ती माणसे परत गेली.

ते दार उघडण्यासाठी जो माणूस प्राण पणाला लावून बसला, तो एक शाळामास्तर होता. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवले होते. त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली आणि मग १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. ते बसले तनपुरे महाराजांच्या मठात. एका वारकऱ्याच्या मठाने त्यांना जागा दिली, हे आपल्या संप्रदायाच्या लेखी कायम राहावे. त्या उपोषणातून विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले.

आता बालदिंडीत न येणाऱ्या त्या बौद्ध घरातल्या मुलाकडे पुन्हा पाहा. त्याचा पणजोबा महाद्वाराबाहेर उभा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे त्या प्रतिज्ञांतच आहे. म्हणजे त्या आईने दिलेला नकार हे तिच्या घरचे व्रत आहे. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याला व्रत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपले माळकरी मूल सहलीला गेले आणि ताटात मटण वाढले, तर आपण म्हणतो, ‘‘आमच्याकडे चालत नाही.’’ आपल्या त्या शब्दाला शाळेने मान द्यावा अशी आपली अपेक्षा असते. मग तिच्या त्याच शब्दाला आपण रुसायचे का? ज्याच्या पणजोबाला ‘बाहेर थांब’ म्हटले, त्याच्या पणतूला आज ‘आत चल’ म्हणून हाताला धरून ओढायचे? दोन्ही वेळा त्याला काय हवे, हे कोणी विचारलेच नाही.

वारीचे चालणे आठवा. पंढरीला जायला कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. आमंत्रणाचा कागद येत नाही, न गेल्याचा दंड नाही. ज्याला ओढ लागते तो निघतो. सक्तीने चालवलेल्या दिंडीत पावले पडतील, पण तिला वारी म्हणता येणार नाही.

ही झाली दुसऱ्याच्या नकाराची बाजू. आता आपल्या नातवाची ती चिठ्ठी, सहीची वाट पाहणारी. इथेही उत्तर शोधायला फार लांब जायला नको. तुकोबारायांची पालखी देहूहून निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग सोहळा पुढे सरकतो. लाखो वारकऱ्यांच्या वाटेवरचा हा पहिला विसावा आहे. त्याने कोणाची माळ तुटली नाही, कोणाची एकादशी मोडली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि आपण त्यांना संतमालिकेत मानाने बसवले. ज्या संप्रदायाची पालखीच दर्ग्याशी थांबते, त्याच्या लेकराला मशीद बाहेरून-आतून पाहिल्याने बाट लागेल, अशी भीती कशाला?

भीती वाटलीच तर १८३९ च्या त्या आईबापांचा अनुभव लक्षात ठेवून चार गोष्टी शाळेला विचाराव्यात. मुले काय पाहणार आहेत? प्रार्थनेच्या वेळी ती कुठे थांबतील? कोणाला हात जोडायला किंवा डोके टेकवायला सांगणार नाही ना? पालकांपैकी कोणी बरोबर आले तर चालेल का? हे विचारणे पालकाचा हक्क आहे. शाळेनेही आधी सांगावे आणि मग न्यावे. उत्तरे नीट मिळाली तर सही करावी आणि मूल परत आल्यावर त्याला जवळ घेऊन विचारावे, ‘‘काय काय पाहिलेस?’’ ज्या घरात हरिपाठ होतो, त्या घरातल्या लेकराचे पाऊल चार ठिकाणे पाहून डळमळत नाही. आणि हरिपाठच होत नसेल, तर दोष सहलीला देऊन उपयोग नाही.

आपली शाळा जेव्हा दुसऱ्यांच्या मुलांना पंढरीला नेते, तेव्हाही हाच नियम. न येणाऱ्या मुलाला वर्गात एकटे बसवू नये, त्याचे गुण कापू नयेत, कोणी टोमणा मारू नये. जे मूल येईल पण आत जाणार नाही म्हणेल, त्याच्यापाशी एखाद्या गुरुजींनी चोखोबांच्या समाधीजवळ थांबावे आणि ती समाधी दाराबाहेर का आहे, हे त्याला खरेखरे सांगावे. आत गेलेल्यांनाही बाहेर आल्यावर तीच गोष्ट सांगावी. पंढरीत शिकण्यासारखा यापेक्षा मोठा इतिहासाचा धडा नाही.

माऊली, येत्या आषाढीला तुमच्या गल्लीतून बालदिंडी जाईल. कडेला एखादे मूल दप्तर पाठीला लावून नुसतेच उभे असेल, टाळ वाजवणाऱ्या मित्राकडे पाहत. त्याला आत ओढू नका आणि हाकलूही नका. हातात साखरफुटाणे असतील तर आधी विचारा, ‘‘बाळा, तुला चालतील का?’’ ‘हो’ म्हणाले तर ओंजळ भरून द्या. ‘नको’ म्हणाले तर हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवा.

रामकृष्णहरी.