टर्बोची शीळ

आमच्या दारात पहिली गाडी आली ती १९८१ साली. गाडी म्हणजे ट्रक. जीपला जीप म्हणायचं, मोटारसायकलला फटफटी, आणि नुसतं गाडी म्हटलं की ट्रकच. आबांनी ती जुनीच घेतली होती, टाटांची. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ ला संपला आणि नाकावरचा तारा गेला, पण आबा शेवटपर्यंत तिला ‘मर्सिडीज’च म्हणत.

कराडहून गूळ, कांदा, भाजीपाला भरायचा, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायचा आणि येताना जांभ्याचे चिरे भरून तोच घाट चढायचा. पंचवीस वर्षं आमचं घर या एका रस्त्यावर चाललं. पोफळी मागे पडली की चढ सुरू. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर यायची आणि घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी थांबली रे थांबली की आबा इंजिन बंद करायचे. “उभ्या गाडीनं डिझेल पिलं तर तिला आन् बसून खाणाऱ्या पाव्हण्याला फरक काय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्हाला त्या सवयीचा अभिमान होता. पेट्रोलपंपावर तेल वाचवा म्हणून पाट्या लागत त्याच्या आधीपासून आमच्या घरी ते चालू होतं.

त्या गाडीचा डॉक्टर म्हणजे मिस्त्री. हायवेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. दुखणं ओळखायची त्यांची रीत साधी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावायची, मग मागं जाऊन सायलेन्सरपाशी बसायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ चालेल, पण गाडी तापल्यावरही राहिला तर नोझल बघा, नाहीतर हेडमध्ये पाणी शिरतंय. “धूर म्हंजी गाडीची जीभ,” असं ते म्हणत. मी लहानपणी जीभ काढून दाखवली की माझीही तपासणी व्हायची.

२००३ साली आबांनी जमिनीचा एक तुकडा गहाण टाकून नवी गाडी घेतली. तिला टर्बो होता. खरं तर टर्बो म्हातारा होता, गाड्या नव्या होत्या. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे पहिला टाटा-मर्सिडीज निघाला त्याच १९५४ साली स्वीडनच्या व्होल्वोने टर्बोचा ट्रक विकायला काढला होता. आमच्या घाटात तो पोहोचायला पन्नास वर्षं लागली. धुराचे नियम २००० पासून कडक होत गेले, मग टर्बोशिवाय भागेना.

त्याचं काम समजायला सोपं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांडीवरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात ढकलतं. दांडी मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. गाडी ओढायला लागली की बारीक शीळ ऐकू येते. आबा खूश होते. जुन्या गाडीला दुसरा गिअर लागायचा तिथं ही तिसऱ्यात चढायची.

पहिल्या पावसाळ्यात गाडी काळा धूर टाकायला लागली, ओढ गेली. सगळे म्हणाले, टर्बो गेला. मिस्त्रींनी टर्बोला हात लावायच्या आधी गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी थंड इंजिन चालू करून ऐकलं. टिक टिक टिक. गरम झाल्यावर आवाज गायब. मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी काजळीची रेघ होती, एक स्टड तुटला होता. टर्बोला फिरवणारा धूर वाटेतच गळत होता, मग हवा दाबणार कोण? स्टड आणि गॅस्केट बदललं, काम झालं. आबा दोन दिवस त्यांचे गुण गात होते.

पुढच्या वर्षी मात्र टर्बो खरोखरच गेला. शिळेची किंकाळी झाली, सकाळी निळा धूर, दर खेपेला ऑइल कमी. मिस्त्रींनी हवेचा पाइप काढून चाक बोटानं हलवलं. दांडीला बाजूला किंचित हालचाल चालते, पण पुढं-मागं जाणवता कामा नये. इथं दोन्ही होतं आणि पात्यांनी घराला घासून चरे पाडले होते. नवा बसवला. आठ महिन्यांत तोही तसाच गेला.

दोन टर्बो म्हणजे आमच्या उसाचं एका सालाचं बिल. हप्ते थकले. आबा गॅरेजात गेले आणि चारचौघांत म्हणाले, “डुप्लिकेट माल घातलास तू. पंचवीस वर्साचं चांगलं फेडलंस.” मिस्त्री काही बोलले नाहीत. पाना खाली ठेवला आणि हात पुसत आत गेले. मी तिथंच होतो, आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात, आणि मला आबांचं पटलं होतं. हे लिहायला आजही जड जातं.

तिसरा टर्बो दुसऱ्या गॅरेजात बसवला. त्या मे महिन्यात मी आबांबरोबर खेपेला गेलो. चिरे भरून घाट चढलो, टपरीपाशी थांबलो, आबांनी इंजिन बंद केलं आणि उतरून चालायला लागले. मी केबिनमध्येच होतो. इंजिन गप्प झालं होतं तरी शीळ चालूच होती. बारीक होत होत काही क्षणांनी थांबली. तोपर्यंत ती दांडी ऑइलशिवाय फिरत होती, शेजारचं चाक घाटभर सहाशे अंशांच्या धुरात भाजून निघालेलं. पंप थांबल्यावर आत उरलेलं ऑइल तिथंच जळून कोळसा होणार, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

आबांना सांगायला चार दिवस लागले. पंचवीस वर्षांची काटकसर हीच चूक आहे असं बापाला कसं सांगायचं? शेवटी एका रविवारी मी टर्बोला ऑइल नेणारी नळी खोलली. बोल्टचं भोक सुईच्या नाकाएवढं उरलं होतं, बाकी काळा कोळसा. मी ती फडक्यात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. ते नळीतून उजेड बघत राहिले. मग म्हणाले, “हे मिस्त्रीला दाखव जा.” मी म्हटलं, “तुम्हीच चला.” आले नाहीत.

मिस्त्रींनी नळी बघितली, मोठा सुस्कारा सोडला. “माजी बी चूक हाय, पोरा. टर्बो बदलला, पण नळी जुनीच ठिवली. नव्याला बी उपाशी मारलं. आन् आबाला एकदा बी इचारलं न्हाय, घाट चढल्यावर गाडी बंद कशी करतोस.” त्यांनी नवी नळी दिली, पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला नाही, करायला हवा होता.

आबांनी माफी मागितली नाही. त्यांच्या पिढीत ती पद्धत नव्हती, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पुढच्या खेपेहून आल्यावर गाडी घरी न आणता त्यांनी थेट हायवेच्या पत्र्याच्या गॅरेजापुढं लावली. इंजिन चालूच ठेवलं. मिस्त्री बाहेर येऊन उभे राहिले, आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, दोघंही एकमेकांकडे न बघता. दोन मिनिटं गेली. मग आबांनी खिडकीतून विचारलं, “आता करू का बंद?”

मिस्त्रींनी बॉनेटपाशी कान नेला आणि म्हणाले, “आजून थोडं थांब.”