बिल्ला आणि इंजिन

जुनी अमेरिकन मोटार दिसली की लोक आधी तिचा बिल्ला वाचतात. आम्ही म्हणतो, बॉनेट उघडा. बिल्ला कंपनीने चिकटवलेला असतो. इंजिनाच्या खुणा लपत नाहीत.

शेवरोले घ्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. १९२९ पासून ह्या गाडीला सहा सिलिंडरांचे इंजिन आले; १९३७ साली ते २१६ घन इंचांचे, ८५ अश्वशक्तीचे झाले. झडपा डोक्यात असल्याने माथ्यावर पत्र्याचे लांब झाकण दिसते. फोर्डच्या १९३२ च्या आठ सिलिंडरी इंजिनात झडपा खाली ठोकळ्यात. सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा, माथी सपाट. एका माथ्याचे स्टड मोजावेत. २१ भरले तर इंजिन जुने, २४ भरले तर १९३८ किंवा त्यापुढचे.

दोहोंत सरस कोणते? फोर्ड पळायला तेज खरी. पण तिचा जळका वायू ठोकळ्यातल्या पाण्याच्या पोकळीजवळून बाहेर पडे. वैशाखात राजूरच्या घाटासारखा चढ लागला की पाणी उकळायचेच! शेवरोले अशी तापत नसे. मात्र तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल दाबाने न मिळता पळीने उडवून मिळे, म्हणून सपाटीवर फार दामटली की त्यांतला पांढरा धातू वितळे. मालक उतावळा नसेल, तर आमचा कौल शेवरोलेला.

खरी गंमत कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि १९४७ पासून तेथे क्रायस्लरच्या गाड्या जुळू लागल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो, फार्गो. नावे चार, पण घराणे एकच. सपाट माथा, सहा सिलिंडर, वर एका ओळीत प्लग. प्लिमथचे २१७ आणि डॉजचे २३० घन इंचांचे इंजिन शेजारी ठेवले तर जाणताही फसेल. सिलिंडरचा व्यास तोच, फक्त दट्ट्याची धाव पाव इंच जास्त. तेथे ठोकळ्याच्या डाव्या अंगाला ठोकलेला क्रमांक वाचावा. पी-१५ म्हणजे युद्धानंतरची प्लिमथ, डी-२४ म्हणजे तिची समकालीन डॉज.

प्लगच्या भोकातून तार सोडून ही धाव मोजणारा मिस्त्री हजेरीपटावर 'हेल्पर' असे. हातात प्रमाणपत्र नाही म्हणून तो अकुशल! पगारश्रेणीच्या वाटाघाटीत आम्ही हा मुद्दा कितीदा मांडला, आणि समोरच्यांनी कितीदा हसून टाळला.

१९५४ साली जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही येथली जुळणी थांबवली. मग सुटे भाग कोठून आणायचे? मिस्त्र्यांनी पांढरा धातू हाताने ओतून बेअरिंग भरली, एका गाडीचा दट्ट्या दुसरीला बसवला, पेट्रोल परवडेना तेव्हा पर्किन्सचे डिझेल इंजिन चढवले. आज हौशी संग्राहकाच्या गाडीचा इंजिन-क्रमांक कागदाशी जुळला नाही, तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नये. आधी तेलाची टाकी उतरवून बेअरिंग पाहावीत. हाताने ओतलेले काम तेथे ओळखू येते.