१९५७ चा कौल

वरवट बकालच्या श्रोत्यांना भेंडवळची घटमांडणी आम्ही समजावून सांगावी असे नाही. अक्षय्य तृतीयेला घट मांडावा, दुसऱ्या पहाटे भाकीत ऐकावे, ही आपल्या भागाची जुनी चाल. तेथे राजाची गादी विड्याच्या पानावरून पाहतात; पीक मात्र ज्या त्या धान्याच्या दाण्यावरून. पान जागचे हलले नाही, म्हणून ज्वारीही साधेल, असे कोणी म्हणत नाही. भाकितावर आमचा फारसा भरवसा नाही, पण ही वाटणी आम्हांला पटते. निवडणुकीचा निकाल वाचताना मात्र आपण गादीच्या पानावरूनच सारे पीकपाणी सांगू लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, ते पक्षाच्या आमदारांनी निवडल्यामुळे. चार महिन्यांत निवडणूक झाली. ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या. बहुमत निर्विवाद होते. पण म्हणून द्वैभाषिकाला लोकांचा कौल मिळाला काय?

पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. खुद्द चव्हाण कऱ्हाडला थोडक्या मतांनी निभावले. सरकार तरले ते गुजरात, मराठवाडा आणि आपला विदर्भ यांच्या बळावर. आता विदर्भात कोणाला वेगळे राज्य हवे होते, कोणाला संयुक्त महाराष्ट्र. त्या वेळी उमेदवारागणिक निराळी पेटी असे. बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी पडली, ती नेहरूंसाठी, स्वातंत्र्यलढ्याच्या पुण्याईसाठी, की गावच्या रस्त्यासाठी, हे पेटी कशी सांगणार?

आमच्या मते त्या विजयाने चव्हाणांना राज्य चालविण्याचा पूर्ण अधिकार दिला. तो नाकारणे हा लोकशाहीचाच अवमान झाला असता. द्वैभाषिकाचा प्रश्न मात्र त्याने मिटला नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीची काळी निशाणे वाटेवर होतीच. आणि १ मे १९६० ला द्वैभाषिक मोडले, ते मध्ये कोणतीही सार्वत्रिक निवडणूक न होता. १९५७ चा कौल द्वैभाषिकाला होता असे मानले, तर ते मोडण्याचा कौल कोणी, केव्हा दिला?

चव्हाणांनी तो निकाल जरा निराळा वाचला असावा, असे आम्हांला वाटते. खुर्ची राखली आणि दिल्लीची समजूतही घातली; दोन्ही कामे एकाच माणसाने करणे सोपे नव्हते.

१९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. त्याच नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि त्या मतांवर मुख्यमंत्री झाले ते चांद्याचे मारोतराव कन्नमवार.