चंदेरी रंगाचा माग

शेव्हरोलेची कॉर्व्हेट स्टिंग रे १९६३ चं मॉडेल म्हणून अमेरिकेच्या बाजारात आली तेव्हा तिच्या कूपेची मूळ किंमत ४,२५७ डॉलर होती. रंग सात होते. काळा, पांढरा, लाल, तपकिरी आणि दोन निळे हे त्याच किमतीत मिळत. सातव्यासाठी मात्र ८० डॉलर ७० सेंट जादा मोजावे लागत. हा सातवा रंग म्हणजे ‘सेब्रिंग सिल्व्हर’. मोटार शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्लोरिडातल्या सेब्रिंगचं नाव त्याला मिळालं होतं.

त्या वर्षी २१,५१३ कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांतली एखादी चंदेरी गाडी आज मूळ रूपात आणण्यासाठी कारागिराकडे येते, तेव्हा आतल्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेल्या लहानशा पट्टीवर ९४१ हा आकडा सापडतो. रंग कोणता होता, हे त्यावरून पक्कं कळतं. तो दिसत कसा होता, हे मात्र कळत नाही. साध्या लाल किंवा पांढऱ्या रंगाचा नेमका डबा हाती आला की अर्धी लढाई जिंकल्यासारखी असते. चंदेरीसारख्या मेटॅलिक रंगात डबा मिळाल्यानंतर खरं काम सुरू होतं, कारण हा रंग अर्धा डब्यात तयार होतो आणि उरलेला अर्धा स्प्रे गनमधून पत्र्यावर पडताना.

मोटारींना चमक देण्याची धडपड जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार घोडागाडीसारखीच रंगवली जाई. ब्रशने हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, वर व्हार्निश चढवायचं. एका गाडीत कित्येक आठवडे जात. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ड्युपाँ कंपनीकडे बंदुकीच्या दारूसाठी उभारलेली नायट्रोसेल्युलोजची प्रचंड यंत्रणा होती. त्याच पदार्थापासून तिने ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा लॅकर बनवला आणि जनरल मोटर्सने तो १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर वापरला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. महाराष्ट्रातले सुतार आणि पेंटर आजही फर्निचरला ड्युको मारतात, तो याच घराण्यातला.

लॅकरमध्ये रंगद्रव्यांची निवड वाढली, पण चमक हवी असेल तर काय मिसळायचं? सुरुवातीचं उत्तर समुद्रातून आलं. हेरिंगसारख्या माशांच्या खवल्यांतून ग्वानिनचे स्फटिक काढत आणि ते लॅकरमध्ये घालत. पॅरिसमध्ये नकली मोती बनवणारे कारागीर सतराव्या शतकापासून हीच चमक वापरत होते. मोत्यापुरतं ते परवडे. अख्ख्या मोटारीसाठी इतके खवले गोळा करणं फार महाग पडे, त्यामुळे हा रंग श्रीमंतांच्या मोजक्या गाड्यांपुरताच राहिला.

ॲल्युमिनियमने तो सर्वांच्या आवाक्यात आणला. त्याची भुकटी पूर्वीही मिळे, पण ती कोरडीच कुटली जाई आणि कोरडी बारीक ॲल्युमिनियम भुकटी भयंकर स्फोटक असते. एव्हरेट हॉल या अमेरिकन संशोधकाने १९२० च्या दशकात दुसरी वाट काढली. लोखंडी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात ॲल्युमिनियम द्रावक आणि वंगणासोबत ओलंच दळायचं. त्यातून सुरक्षित लगदा मिळाला आणि त्यात धातूच्या चपट्या, अतिशय पातळ चकत्या होत्या. मेटॅलिक रंगाचा संसार पुढे याच चकत्यांवर उभा राहिला.

प्रत्येक चकती हा एक सूक्ष्म आरसा. सगळ्या चकत्या पत्र्याला समांतर पडल्या तर समोरून गाडी लखलखीत दिसते आणि तिरकं पाहिलं की एकदम काळवंडते. त्या वेड्यावाकड्या पडल्या तर समोरची चमक मंदावते आणि तिरकी बाजू उजळते. चकत्या कशा पडतील हे हवेचा दाब, गनचं पत्र्यापासूनचं अंतर, थिनर उडण्याचा वेग, त्या दिवसाचं तापमान अशा कितीतरी गोष्टी ठरवतात. हात ओला बसला तर रंग गडद येतो, कोरडा बसला तर फिका. एकाच डब्यातला रंग एकाच माणसाने सकाळी दारावर आणि दुपारी बॉनेटवर मारला, तर दोन्ही जोडल्यावर फरक दिसू शकतो. म्हणून जाणता पेंटर मेटॅलिकचं दार गाडीपासून वेगळं रंगवायला राजी होत नाही.

कारखान्यातही हेच घडत होतं. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आणि गाडी मिसुरीतल्या सेंट लुईसमध्ये जोडली जाई. मागणी वाढल्यावर १९६४ ते १९६७ या काळात काही बॉडी मिशिगनमधल्या आयोनियाला ए. ओ. स्मिथ कंपनीत तयार होऊन, तिथेच रंगून सेंट लुईसला येत. म्हणजे एका रंगाचे दोन रंगखाने. गाडीवरच्या पट्टीवर ‘ए’ किंवा ‘एस’ हे अक्षर असतं, त्यावरून बॉडी कुठली हे कळतं. त्यात चंदेरी रंगही बदलत गेला. १९६४ मध्ये ‘सॅटिन सिल्व्हर’ आला, १९६५ मध्ये ‘सिल्व्हर पर्ल’. नावं वेगळी, मिश्रणं वेगळी आणि साठ वर्षांनी फिकट झाल्यावर तिन्हींत गल्लत होणं अगदी सोपं.

या गाड्यांवर ॲक्रिलिक लॅकर होता. जनरल मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोज सोडून तो स्वीकारला. रंग आणि चकत्या एकाच थरात असत, वर पारदर्शक क्लिअर कोट नसे. त्यामुळे मूळ चंदेरी गाडीवर पॉलिशचं फडकं फिरवलं की ते करडं होतं: वरच्या चकत्याच घासून निघतात. उघड्या पडलेल्या चकत्या हवेपाण्याने निस्तेज होतात. वरचा रंग म्हणूनच खोटी साक्ष देतो.

खरी साक्ष शोधायची तर जिथे ऊन आणि फडकं दोन्ही पोहोचले नाहीत तिथे हात घालावा लागतो. दाराच्या उंबऱ्यावरची धातूची पट्टी काढल्यावर, डिकीच्या रबराखाली, एखाद्या ब्रॅकेटमागे तळहाताएवढा मूळ तुकडा सापडू शकतो. जिथे रंगावर रंग चढले आहेत तिथे अतिशय बारीक पॉलिश पेपरने गोल घासत जातात आणि थरांची वर्तुळं उघडी पडतात: अलीकडचा रंग, मधला रंग, लांबी, प्रायमर आणि सगळ्यांत खाली कारखान्याचा. हा शोध पूर्ण होण्याआधीच गाडी रंग काढायच्या रसायनात बुडवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. हे वारंवार घडलं आहे आणि ते नुकसान कुठल्याही पैशाने भरून येत नाही.

दुसरा आधार जुन्या शेडकार्डांचा. डिट्झलर, ड्युपाँ, रिन्शेड-मेसन या कंपन्या दर वर्षी पेंटरांसाठी खऱ्या रंगाच्या तुकड्यांची पानं काढत. बंद फाइलमध्ये राहिलेलं पान मोलाचं असतं, मात्र त्यावरचा रंगही वयाने पिवळट होतो. शिवाय तो दुरुस्तीच्या रंगाचा नमुना. कारखान्यातल्या दिवसाचा नव्हे.

आता वर्णपटमापक यंत्रं हाताशी आहेत. मेटॅलिकसाठी एकाच कोनातून मोजून भागत नाही. प्रचलित यंत्रं चमकीच्या दिशेपासून १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंशांवर वाचन घेतात. यंत्र जवळचं सूत्र सुचवतं, पण ते आजच्या कपाटातल्या घटकांमधून. आजच्या चकत्या बऱ्याचदा गोलसर, एकसारख्या आणि स्वच्छ असतात. जुन्या चकत्या कॉर्नफ्लेक्ससारख्या खडबडीत कडांच्या आणि लहानमोठ्या असत, त्यामुळे जुना चंदेरी मऊ आणि करडा दिसे. यंत्राच्या सूत्रात अभ्रकाचा मोतिया घटक शिरला, तर १९५० च्या दशकातल्या गाडीवर १९८० च्या दशकाची झळाळी चढते.

मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलच्या बाबतीत हे विशेष खटकतं. पंखांसारखी वर उघडणारी दारं असलेल्या या कूपे १९५४ ते १९५७ दरम्यान १,४०० तयार झाल्या. तिचा नेहमीचा रंग होता डीबी १८०, चंदेरी करडा मेटॅलिक. १९५२ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या गाडीची ती वारसदार, त्यामुळे चंदेरी तिला शोभूनही दिसे. तिच्यावर भरड चकत्या आणि काचेसारखा जाड क्लिअर कोट पाहिला की गाडी नवीकोरी वाटते. १९५५ ची वाटत नाही.

मग मूळ लॅकरच का मारू नये? अनेक ठिकाणी कायदा आड येतो. लॅकर फवारताना द्रावकाची प्रचंड वाफ हवेत जाते. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने २००७ पासून गाड्या पुन्हा रंगवण्याच्या वरच्या थरांसाठी लिटरला ४२० ग्रॅम बाष्पशील द्रावकाची मर्यादा घातली. ती रास्तच आहे. पेंटरच्या फुप्फुसांची किंमत कुठल्याही गाडीपेक्षा जास्त आहे. त्याच निर्देशात एक खिडकी ठेवली आहे: ऐतिहासिक आणि सांस्कृतिक मोल मान्य झालेल्या इमारती आणि जुन्या वाहनांसाठी सदस्य देशांना जुन्या प्रकारचे रंग मर्यादित प्रमाणात विकण्याचे स्वतंत्र परवाने देता येतात.

अमेरिकेत मूळ रूपाचा आग्रह धरतात ते शौकीन. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी आहे का, एवढंच पाहतात. आरशासारखा क्लिअर कोट असेल तर गुण जाऊ शकतात. दाराच्या आतल्या कडांवर आणि खालच्या भागात कारखान्याचा पेंटर घाईत असे, तिथे रंग कोरडा आणि खरखरीत बसे. तो खरखरीतपणाही परत यावा लागतो.

म्हणून जबाबदार कारागीर आधी गाडीला हात लावत नाही. तो पत्र्याचे लहान तुकडे रंगवतो: कुठे थिनर बदलून, कुठे दाब कमी करून, कुठे एक हात जास्त देऊन. प्रत्येकाच्या मागे मिश्रण, गनचं नोझल आणि दाब लिहून ठेवतो. मग ते तुकडे उंबऱ्याखाली सापडलेल्या मूळ रंगाशेजारी धरून उन्हात, सावलीत, समोरून आणि तिरके पाहिले जातात. जुळलेला तुकडा गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवतात. उंबऱ्याखालचा मूळ रंग मात्र तसाच राहू देतात आणि पट्टी पुन्हा त्यावर बसवतात.