तारांआधी दात काढण्याचा वाद

वाकडे दात सरळ करण्यासाठी चांगले दात काढावेत का, हा दंतव्यंगोपचारातला जुना वाद. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांचा त्याला ठाम विरोध होता: निसर्गाने दिलेले बत्तीसही दात जबड्यात बसलेच पाहिजेत. 1911 मध्ये कॅल्व्हिन केस यांनी हे मत जाहीरपणे खोडले, पण अँगल यांचा दबदबा मोठा. केस एकाकी पडले. गंमत म्हणजे पुढे निकाल फिरवला तो अँगल यांच्याच शिष्यांनी. चार्ल्स ट्वीड यांनी उपचारानंतर ओठ पुढे आलेल्या, दात पुन्हा वाकडे झालेल्या रुग्णांच्या चार उपदाढा काढून नव्याने उपचार केले. ॲडलेडच्या रेमंड बेग यांचा युक्तिवाद जास्त रंजक: भरड खाण्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे दात झिजून जागा आपोआप होई, मऊ अन्नाने ती झीज थांबली, म्हणून आता दात काढून जागा करावी लागते. बेग यांची तारपद्धत भारतातही रुजली. मुंबईसह अनेक दंत महाविद्यालयांत कित्येक वर्षे तीच शिकवली जाई.

आता दातांचे साचे, क्ष-किरण चित्र, जागेची कमतरता आणि चेहऱ्याची ठेवण पाहून निर्णय होतो. मतांचे हे चढउतार आकड्यांतही दिसतात: अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यात दात काढण्याचे प्रमाण 1953 मध्ये 30 टक्के, 1968 मध्ये 76 आणि 1993 मध्ये 28 टक्के होते.